घामाने निथळणारा प्रवचनकार : 'टॉकिंग हेड्स'च्या चित्रफितींविषयी

पाश्चात्त्य पॉप संगीताच्या चित्रफिती हा विषय आपल्या धार्मिक व वाङ्मयीन त्रैमासिकात चर्चेला यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्या नवलामागे इतिहास आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि गाणे ही केवळ ऐकण्याची नव्हे, तर पाहण्याचीही वस्तू बनली. दहा वर्षांनी, १९९१ साली, स्टार टीव्हीच्या मार्फत हा प्रवाह उपग्रहावरून आपल्याकडील घरांत शिरला. त्या दशकात घरोघरी पालक या वाहिन्यांविषयी काळजीने बोलत असत. उथळ, भडक आणि अंगविक्षेपांनी भरलेले, ही तीन विशेषणे तेव्हा ठरून गेली होती. पुष्कळ चित्रफितींना ती लागूही पडत होती. परंतु एखाद्या कलाप्रकाराचा निवाडा त्यातील सामान्य मालावरून करावयाचा नसतो; तो त्यातील उत्तम कृतींवरून करावयाचा असतो. कादंबरीला आपण हा न्याय लावतो, चित्रपटालाही लावतो. मग तीन-चार मिनिटांच्या चित्रफितीलाच तो का नाकारावा?

प्रस्तुत लेखात मी एकाच वाद्यवृंदाच्या काही चित्रफितींचा विचार करणार आहे. या चित्रफितींत अंगविक्षेप पुष्कळ आहेत. किंबहुना अंगविक्षेप हाच त्यांच्या चिंतनाचा विषय आहे. आणि ते अंगविक्षेप कोठून घेतले आहेत, हे कळल्यावर प्रवचनपीठावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

'टॉकिंग हेड्स' हा वाद्यवृंद न्यूयॉर्कचा. डेव्हिड बर्न, क्रिस फ्रान्झ आणि टीना वेमाउथ हे तिघे ऱ्होड आयलंड येथील कलाविद्यालयात एकत्र आले. जून १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' या लहानशा संगीतगृहात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. १९७७ साली जेरी हॅरिसन येऊन मिळाले आणि चौकडी पूर्ण झाली. पंक संगीताच्या आरडाओरडीनंतर जी अधिक विचारी, अधिक तिरकस आणि कलाविद्यालयी वळणाची पिढी पुढे आली, तिला 'न्यू वेव्ह' असे नाव पडले; हा वाद्यवृंद तिच्या अग्रभागी होता. 'टॉकिंग हेड्स' हे नाव दूरचित्रवाणीच्या परिभाषेतून घेतलेले आहे. वृत्तनिवेदक किंवा तज्ज्ञ केवळ डोके आणि खांदे दिसतील अशा बेताने पडद्यावर येतो आणि बोलत राहतो. त्या दृश्याला हे नाव आहे. आशय पुष्कळ, हालचाल शून्य, असा त्याचा भाव. बोलणारी डोकी! हे नाव आपण लक्षात ठेवू, कारण या मंडळींची पुढची सारी वाटचाल म्हणजे बोलणाऱ्या डोक्याने शरीराचा घेतलेला शोध आहे.

ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांचा 'रिमेन इन लाइट' हा गीतसंच प्रसिद्ध झाला. निर्माते ब्रायन ईनो. नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या संगीताचा प्रभाव या संचावर स्पष्ट आहे: एकच लय घुमत राहते, तिच्यावर थर चढत जातात आणि ऐकणारा हळूहळू त्या लयीच्या स्वाधीन होतो. याच सुमारास बर्न आणि ईनो हे दोघे अमेरिकन रेडिओवरील प्रवचनकारांचे ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐकत होते. अमेरिकेच्या रेडिओवर इव्हँजेलिकल आणि पेंटेकॉस्टल उपदेशकांचे आवाज रात्रंदिवस ऐकू येतात. त्यांचे बोलणे गद्यात सुरू होते, मग त्याला हेलकावे मिळतात, वाक्ये आखूड होतात, तीच शब्दयोजना पुन्हा पुन्हा येते, जमाव साद देतो आणि पाहता पाहता भाषणाचे गाणे होते. 'वन्स इन अ लाइफटाइम' या गीताचे शब्द बर्न यांनी याच ढंगात, जणू स्वतः प्रवचन करीत आहोत अशा रीतीने, बोलून बोलून सिद्ध केले. कडवी तो एकटा उपदेशकासारखा बोलतो आणि ध्रुवपद समूह गातो. आपल्या उपासनेतील प्रतिसाद-स्तोत्राची रचना ज्यांच्या कानांत आहे, त्यांना हा आकृतिबंध ओळखू येण्यास वेळ लागणार नाही.

या गीताची चित्रफीत १९८१ च्या सुमारास लोकांसमोर आली. दिग्दर्शन टोनी बेझिल आणि बर्न यांचे. नृत्यदिग्दर्शिका असलेल्या बेझिल यांनी पुढे जे सांगितले आहे ते महत्त्वाचे आहे. बर्न यांना नृत्याची पावले शिकावयाची नव्हती. भावसमाधीत गेलेली माणसे कशी हालतात, याचा अभ्यास करावयाचा होता. म्हणून दोघांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत जाऊन माहितीपट पाहिले. अंगात आलेले भाविक, चर्चमध्ये थरथरणारी माणसे, हातात साप धरून उपासना करणारे पंथीय यांचे ते चित्रण होते. त्यातून या चित्रफितीची हालचाल घडली. खर्च अत्यल्प, साधने साधी.

पडद्यावर काय दिसते? पाण्याची पार्श्वभूमी. तिच्यातून वर यावा तसा एक मनुष्य चौकटीत येतो. अंगात सूट, गळ्यात बो-टाय, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. एखाद्या विमा कंपनीचा कारकून शोभावा असा. पण तो घामाने निथळतो आहे. तो धापा टाकतो, झोकांड्या खातो, कपाळावर हात मारून घेतो, एका हाताच्या कडेने दुसऱ्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत घाव घालावेत तसे टोले मारतो. मधूनमधून पाठीमागे धार्मिक विधींत रमलेल्या माणसांची चित्रे उमटतात आणि त्यांचीच हालचाल हा मनुष्य समोर करताना दिसतो. ध्रुवपद आले की त्याच्यामागे त्याच्याच लहान लहान प्रतिमा ओळीने उभ्या राहून तेच हातवारे करतात: उपदेशकही तोच आणि मंडळीही तीच! वाद्यवृंदातील इतर तिघे कुठेच दिसत नाहीत. शेवटी पार्श्वभूमी काळी होते आणि तोच मनुष्य चष्म्यावाचून, उघड्या गळ्याच्या साध्या पांढऱ्या सदऱ्यात समोर येतो.

ही थट्टा आहे काय? पहिल्या दर्शनी तसे वाटते. शहरी, शिकलेल्या कलावंताने ग्रामीण उपदेशकाची नक्कल करावी आणि रसिकांनी हसावे, हे दृश्य नवे नाही. आपल्या नाटकांतूनही भोंदू बुवा आणि पाद्री यांची अशी सोंगे पुष्कळ झाली आहेत. परंतु थट्टा करणारा नट स्वतःला पात्रापासून दूर ठेवतो. 'मी हा नव्हे' हे तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून सुचवीत राहतो. या चित्रफितीत ते सुचवणे नाही. हा मनुष्य खरोखरच दमतो. हातवारे उसने आहेत, पण घाम त्याचा स्वतःचा आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची मुद्रा अंगावर चढवली असता आपल्या आत काय जागे होते, हे तो पाहतो आहे, आणि काहीतरी जागे होते आहे, हे आपल्याला दिसते.

जागा होतो तो एक प्रश्न. या गीतातील मनुष्याला मोटार आहे, सुंदर घर आहे, सुंदर पत्नी आहे. एके दिवशी तो भानावर येतो आणि स्वतःला विचारतो की, मी येथवर आलो तरी कसा? हे घर, हा संसार माझाच आहे ना? या प्रश्नाची जात आपल्याला परिचित आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख श्रीमंताला उदंड पीक येते, तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करतो आणि त्याच रात्री त्याचा जीव त्याच्याकडून मागितला जातो. दोघांजवळही संचय आहे आणि दोघांचाही हिशेब चुकला आहे. मात्र एक मोठा भेद आहे. दाखल्यातील श्रीमंताला प्रश्न पडतच नाही. तो स्वतःच्या जिवाला खाण्यापिण्याचा सल्ला देत असतो आणि देवाचा आवाज बाहेरून येतो. गीतातील मनुष्याला बाहेरून कोणताच आवाज ऐकू येत नाही; त्याचा प्रश्न त्याच्याच घशातून उमटतो. मूर्खपणाच्या दृष्टीने पाहिले तर तो त्या श्रीमंताहून शहाणा आहे, कारण कोठारे भरलेली असतानाच तो थबकला आहे. दैन्याच्या दृष्टीने पाहिले तर तो अधिक दीन आहे, कारण त्याला उत्तर देणारे कोणी नाही. संत ऑगस्टिन यांच्या 'कन्फेशन्स'मध्ये प्रश्नांची अशीच झड लागते. पण तेथे प्रत्येक प्रश्न कोणाला तरी उद्देशून आहे. तेथे प्रश्न हीच प्रार्थना आहे. येथे प्रश्न प्रार्थनेच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तिथेच घुटमळतो.

पाण्याचेही तसेच. हे गीत आणि ही चित्रफीत पाण्याने भरलेली आहे: वर पाणी, खाली पाणी, वाहणारे, वाहून नेणारे. पेंटेकॉस्टल उपदेशकाच्या तोंडी पाणी म्हणजे बाप्तिस्मा. जुना मनुष्य बुडतो, नवा वर येतो. 'टॉकिंग हेड्स'ना हा अर्थ ठाऊक नव्हता असे नाही. १९७८ साली त्यांनी 'टेक मी टू द रिव्हर' हे गीत आपल्या पद्धतीने गाऊन लोकप्रिय केले होते. ते मूळ गीत अल ग्रीन यांचे, १९७४ चे. त्यात प्रेमिकाची तगमग आणि बाप्तिस्म्याची नदी एकमेकींत मिसळून गेली आहेत. आणि विशेष हे की, खुद्द अल ग्रीन १९७६ साली मेम्फिस शहरातील एका चर्चचे पाळक झाले. ज्याने नदीवर गीत लिहिले तो नदीत उतरला; ज्यांनी ते गीत उसने घेतले ते काठावर उभे राहिले. 'वन्स इन अ लाइफटाइम'मधील मनुष्य पाण्यातून वर येतो खरा, पण तो नवा होऊन येत नाही. तो केवळ भिजून येतो. निकदेमाच्या रात्रीच्या भेटीत प्रभू येशूने पाणी आणि आत्मा या दोहोंचा एकत्र उच्चार केला. चित्रफितीत पाणी आहे. आत्म्याची मात्र वाट पाहिली जात आहे. शेवटच्या त्या पांढऱ्या सदऱ्यात मला नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याच्या शुभ्र वस्त्राची पुसट खूण दिसते. ती दिग्दर्शकांच्या मनात होती असा दावा मी करणार नाही; परंतु उसनी घेतलेली चिन्हे कधीकधी उसने घेणाऱ्यापेक्षा अधिक बोलून जातात.

याच ठिकाणी एक आक्षेप गंभीरपणे नोंदवला पाहिजे. पाठीमागच्या चित्रांत जी माणसे थरथरत आहेत, ती कोण? त्यांच्यासाठी तो क्षण देवाच्या सान्निध्याचा होता. कोणी अभ्यासकाने त्याचे चित्रण केले, ते विद्यापीठात गेले आणि तेथून गाण्याच्या पार्श्वभूमीवर आले. माणसाची भक्ती अशी कात्रीने कापून घेता येते काय? बर्न आणि ईनो यांनी १९८१ साली 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' हा जो संच काढला, त्यात हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. त्यात रेडिओवरील उपदेशकांचे आणि भूत काढणाऱ्याचे मुद्रित आवाज संगीतावर चढवलेले आहेत. प्रसिद्ध उपदेशिका कॅथरिन कुलमन यांचा आवाजही वापरावयाचा होता, पण त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या हक्कदारांनी परवानगी नाकारली. कुराणपठणाचा उपयोग केलेला एक भाग मुस्लिम संस्थेच्या आक्षेपानंतर पुढील आवृत्त्यांतून काढून टाकण्यात आला. हे आक्षेप केवळ सोवळेपणाचे होते असे मला वाटत नाही. प्रार्थना ही ऐकणाऱ्याला उद्देशून असते. तिचा नाद ठेवून तिचा श्रोता पुसून टाकणे, हा त्या प्रार्थना करणाऱ्यावर होणारा सूक्ष्म अन्याय आहे. 'वन्स इन अ लाइफटाइम' या अन्यायातून थोडी सुटते ती एवढ्यासाठी की, येथे कलावंताने दुसऱ्याचा आवाज कापून घेतला नाही. त्याने स्वतःचे शरीर पणाला लावले. मागच्या पडद्यावरील अनामिक भाविकांचे ऋण मात्र शिल्लक राहते, आणि रसिकाने ते विसरू नये.

शरीर पणाला लावण्याची गोष्ट पवित्र शास्त्राला परकी नाही. यहेज्केल संदेष्टा इस्राएलच्या पापाचा भार दाखवण्यासाठी ३९० दिवस डाव्या कुशीवर निजतो. यिर्मया मानेवर जू घेऊन फिरतो. ही नाटके नव्हती. तो शरीराने उच्चारलेला देवाचा शब्द होता. आणि दावीद राजा कराराच्या कोशापुढे सर्व बळ एकवटून नाचला, तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्या मीखलला त्याची किळस आली. राजाने असे अंगविक्षेप करावेत! शास्त्राची सहानुभूती कोणाकडे आहे, हे आपण जाणतो. चित्रफितींना 'अंगविक्षेप' म्हणून नाक मुरडताना आपण कोणत्या खिडकीत उभे आहोत, हे एकदा तपासून पाहिलेले बरे.

बोलणाऱ्या डोक्याचा शरीराकडे चाललेला हा प्रवास 'स्टॉप मेकिंग सेन्स' या १९८४ च्या चित्रपटात टोकाला पोहोचला. जोनाथन डेमी यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजिस नाट्यगृहात झालेल्या कार्यक्रमांचे हे चित्रण केले. रिकाम्या रंगमंचावर बर्न एकटे गिटार आणि ध्वनिमुद्रक घेऊन येतात. मग एका-एका गीतागणिक एक-एक साथीदार येऊन मिळतो आणि एकट्याची मंडळी होते. उत्तरार्धात बर्न एक अवाढव्य, चौकोनी सूट घालून येतात. जपानी नोह नाट्यातील वेशावरून तो सुचला. डोके लहान दिसावे म्हणून शरीर मोठे केले, कारण संगीत डोक्याच्या आधी शरीराला कळते, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. ज्यांनी स्वतःला 'बोलणारी डोकी' असे नाव घेतले, त्यांनी शेवटी डोके लहान करून दाखवावे, यात विनोद आहे तसा विवेकही आहे.

आता दुसऱ्या महत्त्वाच्या चित्रफितीकडे वळू. 'रोड टू नोव्हेअर' हे गीत १९८५ चे. चित्रफीत बर्न आणि स्टीफन जॉन्सन यांची. आरंभी कॅलिफोर्नियातील हाय-व्हिस्टा या आडगावच्या सभागृहात साधी माणसे समूहाने उभी राहून वाद्यांवाचून गातात. गावच्या चर्चमधील गायकवृंदच जणू! मग ढोलाचा संचलनाचा ठेका धरला जातो, अ‍ॅकॉर्डियन वाजू लागते आणि चित्रांची रांग सुरू होते. एक जोडपे विवाहबद्ध होते, त्यांना मूल होते, पाहता पाहता दोघे वृद्ध होतात. वस्तू गरगर फिरतात. आणि चौकटीच्या कोपऱ्यात बर्न अखंड धावत असतात, जागच्या जागी. गीताचा विषय म्हणजे विनाशाकडे जाणारी वाट, आणि तिच्यावरून चाललेले प्रसन्न संचलन. विनाशाकडे शरणभावाने, पण आनंदाने पाहणारे गीत लिहावयाचे होते, असे बर्न यांनी म्हटले आहे.

ख्रिस्ती वाचकाला ही चित्रफीत पहिलीपेक्षा अधिक अस्वस्थ करील. पहिलीत प्रश्न अनुत्तरित आहे. दुसरीत प्रश्न विचारणेच थांबले आहे. ख्रिस्ती समूहगानाचा सारा आकृतिबंध येथे आहे: एकत्र उभे राहणे, एका सुरात वाटचालीचे गाणे गाणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेला यात्रेकरू म्हटले. आपणही मिरवणुकीत गात चालतो. फरक एवढाच की, आपल्या यात्रेला गंतव्य आहे आणि या यात्रेचे गंतव्य म्हणजे 'कोठेही नाही'. स्वर्ग वजा केलेले हे स्तोत्र आहे. आणि तरीही ते निराशेचे गीत नाही. 'उपदेशक' या जुन्या करारातील पुस्तकाने सारे काही वाऱ्यामागे धावणे आहे असे सांगितले, आणि त्याच पुस्तकाने आनंदाने अन्न खाण्याचा उपदेशही केला. बर्न यांची चित्रफीत त्या पुस्तकाच्या शेजारी ठेवता येईल. परंतु 'उपदेशका'च्या शेवटी देवाचे भय आहे, न्याय आहे. येथे उत्साह आहे, पण आशा नाही. उत्साह आणि आशा या एक नव्हेत. उत्साह पायांत असतो. आशेला समोर कोणीतरी उभे असावे लागते. कोपऱ्यातील तो धावणारा मनुष्य जागचा हलत नाही, हे चित्रफितीने प्रामाणिकपणे दाखवले आहे. धावणे थांबवता येत नाही आणि पोहोचताही येत नाही, या अवस्थेतील किती माणसे आपल्या मिस्सेला शेवटच्या बाकांवर येऊन बसतात, हे कोणत्याही धर्मगुरूने मोजून पाहावे.

या चित्रफितींच्या मूल्यमापनात पुढील काळाची एक साक्षही ध्यानात घ्यावी लागेल. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील उपदेशकांचा बडेजाव वाढत गेला. मार्च १९८७ मध्ये जिम बेकर यांना आपल्या धर्मसंस्थेचे प्रमुखपद सोडावे लागले. १९८९ साली ते आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरले. फेब्रुवारी १९८८ मध्ये जिमी स्वॅगर्ट यांनी कॅमेऱ्यासमोर अश्रू ढाळून आपल्या पापाची कबुली दिली. तेच हातवारे, तोच घाम, तीच रडवेली लय. त्या अश्रूंची सत्यता देव जाणे. पण पाहणाऱ्याच्या मनात एक कडवट प्रश्न उरलाच: मुद्रा आणि मन यांची फारकत झाली, तर मुद्रेचे काय मोल? गंमत अशी की, श्रद्धेचा दावा न करणाऱ्या एका कलावंताच्या उसन्या हातवाऱ्यांत मला जो सच्चेपणा वाटतो, तो श्रद्धेचा व्यापार मांडणाऱ्या काही हातवाऱ्यांत वाटत नाही. कलावंताने 'माझ्याजवळ उत्तर आहे' असे म्हटले नव्हते.

मग या साऱ्यातून आम्हां प्रवचनकारांनी काय घ्यावे? घामाची नक्कल नव्हे. चार हातवारे शिकून प्रवचन जिवंत होत नाही, आणि मराठी मंडळी असले सोंग पहिल्या मिनिटात ओळखतात. पण दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली शरीराची. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात भाविकांच्या सक्रिय सहभागाबरोबर कृती, हालचाल आणि शारीरिक मुद्रा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि प्रवचन हा उपासनेचाच अंश मानला आहे. सेमिनरीत आम्ही प्रवचनाची मांडणी शिकलो, मुद्द्यांचा क्रम शिकलो. उभे कसे राहावे, श्वास कोठे घ्यावा, हात कधी स्तब्ध ठेवावेत, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. परिणामी आम्ही पुष्कळदा बोलणारी डोकी होऊन बसतो. ध्वनिक्षेपकाच्या दांड्यामागे धड दडलेले, कागदावर नजर, आशय पुष्कळ, हालचाल शून्य. आपल्या मराठी मुलखात हे अधिक खटकावे, कारण येथे कीर्तनाची परंपरा आहे. कीर्तनकार उभा असतो, त्याच्या पायांत ताल असतो, तो श्रोत्यांकडून नामघोष करवून घेतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे सामर्थ्य ओळखून ख्रिस्ती कीर्तनाचा अवलंब केला. शब्द देही झाला, हे ज्यांच्या श्रद्धेचे हृदय, त्यांनी शब्दाला देहावाचून सादर करावे, ही विसंगती नव्हे काय?

दुसरी गोष्ट प्रश्नाची, आणि ती अधिक महत्त्वाची. आमची बरीच प्रवचने उत्तरापासून सुरू होतात. प्रश्न अद्याप कोणाला पडलेलाच नसतो आणि उत्तर हातावर ठेवले जाते. म्हणून ते कोणाच्या हातात टिकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'इव्हँजेलिई गॉडियम' या प्रबोधनपत्रात प्रवचनावर सविस्तर लिहिले. प्रवचन ऐकताना भाविकांना आणि देताना धर्मगुरूंना, दोघांनाही पुष्कळदा यातना होतात, हे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. आणि लोकांनी न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत बसू नये, असाही इशारा त्यांनी दिला. १९८१ च्या त्या चित्रफितीतील मनुष्य नेमका उलट टोकाला आहे. त्याच्याजवळ उत्तर मुळीच नाही. पण प्रश्न असा की, त्याने अंग थरथरावे. एकाजवळ रिकामे पात्र आणि दुसऱ्याजवळ न ओतलेले पाणी. समरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने आधी तिच्याजवळ पाणी मागितले, मग दिले. तिची तहान तिला कळेपर्यंत तो विहिरीच्या काठावर बसून राहिला.

'टॉकिंग हेड्स' या वाद्यवृंदाची अखेर १९९१ साली जाहीर झाली. मतभेदांमुळे ही मंडळी फार वर्षे एकत्र दिसली नाहीत. २०२३ साली 'स्टॉप मेकिंग सेन्स' नव्याने सिद्ध करून टोरंटोच्या महोत्सवात दाखवण्यात आला, तेव्हा चौघेही एका मंचावर येऊन बसले. चाळीस वर्षांपूर्वीच्या या चित्रफिती आजही तरुण मुले आपल्या भ्रमणध्वनीवर शोधून पाहतात. त्यांतील तंत्र आता जुने दिसते, पार्श्वभूमीच्या कडा फाटक्या दिसतात. प्रश्न मात्र जुना झालेला नाही. आपल्या धर्मग्रामातही आता नवी घरे उठली आहेत, दारांत मोटारी आल्या आहेत, मुले परदेशी गेली आहेत. आणि त्या घरांतील एखादा गृहस्थ रात्री जागा राहून 'मी येथवर आलो कसा' असे स्वतःला विचारत नसेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. तो गृहस्थ रविवारी समोर बसलेला आहे असे समजून प्रवचन लिहावे. तो तेथे असतोच.